तुमचं गाव कोणत्या तालुक्यात?

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवसांत एस.टी. स्टँडवर फायली दिसायला लागतात. निळ्या, गुलाबी, बटणाच्या प्लॅस्टिकच्या फायली. त्या छातीशी धरून मुली उभ्या असतात, शेजारी बाप असतो आणि दोघांच्याही चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, साहेब आज जागेवर भेटतील का. मी ड्युटीला निघालेली असते. युनिफॉर्म पिशवीत, डबा हातात. बस येईपर्यंत मी मनातल्या मनात ओळखत बसते, कोणाचा कोणता कागद अडलाय. उत्पन्नाचा अडला असेल तर बाप चिडलेला असतो, कारण आपली परिस्थिती सगळ्या गावाला दिसते, ती कागदावर कशाला हवी असं त्याला वाटत असतं. रहिवासाचा अडला असेल तर मुलगी चिडलेली असते. जातीचा अडला असेल तर दोघंही गप्प असतात, कारण त्या कागदासाठी मेलेल्या माणसांना शोधावं लागतं.

आणि खरं सांगते, दर वर्षी त्या मुलींच्या मागून बसमध्ये चढताना मला हायसं वाटतं. माझे ते दिवस होऊन गेले. आंब्याचा मोसम असतो, लग्नसराई असते, तसा आमच्या खानदेशात दाखल्यांचाही एक मोसम असतो. ऊन उतरायचं नाव घेत नाही, शेतं नांगरून उघडी पडलेली असतात, आणि अर्धा तालुका तहसील कचेरीच्या आवारात येऊन बसतो. माझ्या वाट्याला तो मोसम एकदाच आला, पण असा आला की अजून निळी फाईल दिसली की हात आपोआप पिशवीवर जातो. मग आठवतं की झालं ते, सुटलो आपण, आणि मी खिडकीजवळची जागा बघते.

आमचं शेवाळखेडं पांझरेच्या काठावर आहे. नदी गावाच्या पूर्वेला. अलीकडचा काठ धुळे जिल्ह्यात, पलीकडचा जळगाव जिल्ह्यात. कागदावर हे फार मोठं अंतर आहे. जिल्हा वेगळा, तालुका वेगळा, कलेक्टर वेगळा. प्रत्यक्षात मे महिन्यात चपला हातात घेऊन वाळूतून चाललं की मधल्या पाण्यात घोटे भिजतात आणि जिल्हा बदलतो. पलीकडे पिंप्री. पिंप्रीच्या पिठाच्या गिरणीचा आवाज आमच्या ओट्यावर यायचा, आणि आमची गिरणी बंद पडली की बाया दळण डोक्यावर घेऊन जिल्हा ओलांडायच्या. दळण होईपर्यंत तिकडच्या गप्पा ऐकून यायच्या आणि संध्याकाळी भाकरीबरोबर आम्हाला दुसऱ्या जिल्ह्याच्या बातम्या मिळायच्या.

आता यात गंमत अशी की आमच्या गावात कोणालाही विचारा, तुम्ही कुठले, तर तो म्हणेल, अमळनेरकडचे. बाजार अमळनेरचा. कापूस अमळनेरला जायचा, तिथं मनासारखं जमलं नाही तर धरणगावला. चष्मा अमळनेरचा, दुखरी दाढ अमळनेरला काढलेली, सुरतेची गाडी अमळनेरहून धरलेली. लग्नाचा बस्ता बांधायचा तोही तिथल्याच एका मारवाडी शेठच्या दुकानात. त्या शेठना आमच्या घरातल्या तीन पिढ्यांची नावं पाठ होती, कोणाच्या लग्नात कोणत्या रंगाचा शालू गेला तेसुद्धा. मी अकरावी-बारावी केली तीही अमळनेरला, सकाळच्या बसनं जाऊन-येऊन. आमचा स्वतःचा तालुका मात्र उलट्या दिशेला, दोन बस बदलून. तिथं आमचं कोणी नव्हतं. वर्षातून एखाद वेळी सातबाऱ्याच्या कामाला कोणी जाऊन आलं की तो परगावी जाऊन आल्यासारखा पाय धुऊन बसायचा.

त्या वर्षी मला नर्सिंगला जायचं होतं. दहावीत असताना आई आठ दिवस दवाखान्यात होती. तिची शीर कोणालाच सापडत नव्हती. दोघांनी टोचून पाहिलं, आई दातांत पदर धरून होती, आणि मग एक सावळ्या, ठेंगण्या सिस्टर आल्या, दोन बोटांनी मनगट चाचपलं आणि पहिल्या फटक्यात सुई लावली. आईच्या तोंडातला पदर सुटला. मला तेव्हाच वाटलं, हे यायला पाहिजे आपल्याला. बारावीला मार्क बरे पडले, फार चांगले नाही. राखीव जागांच्या यादीत माझं नाव होतं. खुल्या यादीत ते बसण्यासारखं नव्हतं. जातीचा मूळ दाखला दाखवायची शेवटची तारीख बावीस दिवसांवर होती. दाखला नसला की जागा खालच्या मुलीला. इतकं सरळ होतं ते.

आधी का नाही काढला, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. आमच्या घरात तोवर कोणाला तो लागलाच नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, चौथीनंतर शेतात गेले. कॉलेजनं वर्षभर आधी सांगितलं होतं, पण आबांचं एकच, "निकाल ते लागू दे, मंग दखूत." निकाल लागला आणि आबांनी टोपी धुवायला टाकली. टोपी धुतली म्हणजे काम गंभीर आहे असं आम्ही समजायचो.

कचेरीच्या आवारात एक भला थोरला निंब होता. त्याच्या सावलीत अर्ज लिहिणारे टेबल मांडून बसायचे, त्यांच्याभोवती माणसांची कोंडाळी, बाजूला रसवंतीची घुंगरं, आणि झेरॉक्सच्या टपरीतून गरम कागदाचा वास. उन्हानं शाईची उशी सारखी वाळायची, मग शिक्का मारणारा तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकायचा आणि सगळे शिक्के फिकट उठायचे. आमचा नंबर आला. अर्ज लिहिणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका.

"अमळनेर," आबा म्हणाले.

त्यानं लिहिलं. मी वाचून सही केली. ज्या तालुक्याच्या कचेरीसमोर आम्ही बसलो होतो, ज्याची पाटी माझ्या डोक्यावर दहा हातांवर टांगलेली होती, त्याऐवजी आम्ही दुसऱ्याच जिल्ह्यातला तालुका लिहून दिला आणि तिघांतल्या एकालाही खटकलं नाही. आठ दिवसांनी अर्ज परत आला. 'अमळनेर'भोवती लाल गोल.

"भाऊ, तालुका हा आहे," खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या. "तुम्ही उभे आहात तो."

"पन मॅडम, आमनं बठ्ठं अमळनेरलेच शे ना," आबा म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं, आणि ते इतक्या मनापासून म्हणाले की मॅडमना हसू आवरेना. मला त्या दिवशी मुळीच हसू आलं नाही. बावीसातले आठ दिवस आम्ही आमच्याच तोंडानं घालवले होते.

दुसरा अर्ज भरला. या वेळी तालुका मी स्वतः लिहिला, मोठ्या अक्षरात. आता आजोबांचा पुरावा हवा होता. आजोबा जाऊन पाच वर्षं झाली होती, पण त्यांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा आबांनी मिळवून आणला होता. त्यात जात स्पष्ट होती. मॅडमनी तो उतारा वाचला, पुन्हा वाचला आणि काचेच्या फटीतून परत सरकवला. जन्मस्थळ पिंप्री, तालुका अमळनेर, जिल्हा पूर्व खानदेश. त्या काळी जळगावकडच्या भागाला पूर्व खानदेश म्हणत आणि आमच्याकडच्याला पश्चिम.

"तुमचे आजोबा तिकडचे दिसतात," त्या म्हणाल्या. "मग दाखला तिकडून निघेल. इथून कसा देऊ?"

आम्ही तिकडे गेलो. तिकडच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमचं घर कुठं? शेत कुठं? मतदान कुठं करता?" सगळं अलीकडे. "मग आम्ही कसा देऊ?" दोघांपैकी कोणाचंच चूक नव्हतं, हाच सगळा त्रास होता. कोणी वाकडं बोललं असतं, अडवलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. सातबारा सांगत होता की आम्ही शेवाळखेड्याचे, पण सातबारा जात सांगत नाही. शाळेचा उतारा जात सांगत होता, पण गाव पलीकडचं. गाव आणि जात एकाच कागदावर पाहिजे होते, आणि तसा कागद आमच्या घराण्यानं कधी केलाच नव्हता.

त्याचं कारण माझी पणजी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायचं हा रिवाज सगळीकडेच आहे. पणजीचं माहेर पिंप्री, नदीपलीकडे, आणि ती आईबापांची एकुलती एक. त्यामुळे तिनं तो रिवाज पहिल्यापुरता न ठेवता पुढंही चालू ठेवला. आठवा महिना लागला की तिचा बाप गाडी जुंपून यायचा आणि लेकीला वाळूतून पलीकडे न्यायचा. चार मुलगे असे तिकडे जन्मले. शेवाळखेड्यात तेव्हा शाळा नव्हती, म्हणून ते आजोळी राहून तिकडेच शिकले. मास्तरांनी विचारलं असेल, कुठं जन्मला रे? पोरानं खरं ते सांगितलं. एका आईच्या मायेपायी आमचं अख्खं घर कागदावर नदी ओलांडून गेलं होतं, आणि पाऊणशे वर्षं कोणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

आज मी प्रसूती वॉर्डात काम करते. पहिलटकरणी आजही माहेरीच येतात, त्यात काही बदललेलं नाही. सासर एका तालुक्यात, माहेर दुसऱ्यात, दवाखाना तिसऱ्यात. बाळाची नाळ कापून झाली, बाळ पुसून आईजवळ दिलं, की मी कागद पुढं ओढते आणि विचारते, कायमचा पत्ता? बाळंतिणीची आई माहेरचं गाव सांगते. मी म्हणते, मावशी, तुमचं नाही, हिच्या घरचं सांगा. तालुक्यासकट. माझ्या सोबतच्या मुली हसतात, म्हणतात, सिस्टरला बाळापेक्षा तालुक्याची काळजी जास्त. असू दे. अठरा वर्षांनी तिला काही शोधावं लागू नये, एवढंच माझं म्हणणं असतं.

तेव्हा मात्र आम्हाला शोधायचं होतं आणि कुठं शोधायचं ते कळत नव्हतं. नऊ दिवस उरले असताना खिडकीतल्या मॅडमनीच सांगितलं, मागच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बघा. तिथं एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले, सगळी कचेरी त्यांना नाना म्हणायची. खोलीत छतापर्यंत घोडे, म्हणजे मांडण्या, आणि त्यांवर लाल रुमालांत बांधलेली दप्तरं. बाहेर अंग भाजत होतं आणि त्या खोलीत जुन्या कागदाचा थंड, कोंदट वास होता. नानांनी आमचं सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कोतवाल बुक बघू."

मला तो शब्द माहीत नव्हता. नानांनी समजावलं. पूर्वी गावात कोणी जन्मलं, कोणी मेलं, तर गावचा कोतवाल ते कळवायचा आणि त्याची नोंद व्हायची. तारीख, बापाचं नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी. "गाव आणि जात एकाच ओळीत," नाना म्हणाले. "तुम्हाला हवं ते. फक्त माणूस गावात जन्मलेला पाहिजे. तुमच्या घरात इथं जन्मलेलं त्या काळचं कोण आहे?"

आबांनी बोटांवर नावं मोजली. "कोन्हीच नही नाना. चारी भाऊ पल्ल्याड जलमेल शेतस."

त्या दिवशी आम्ही परतीची बस धरली. आबांनी एकदाच माझ्याकडं बघून म्हटलं, "पुढला वरीसले बी फार्म भरता येस ना?" येतो, मी म्हटलं. पुढच्या वर्षी तरी आजोबा कुठून अलीकडे जन्मणार होते, हे दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बिबड्यांचा घाट होता. ज्वारीच्या पिठाचा शिजवलेला गरम चीक ओल्या धोतरावर थापायचा, उन्हात खाटेवर वाळवायचा. ऊन चढायच्या आत थापून झालं पाहिजे म्हणून सगळ्यांना पहाटे उठवलं जायचं. या कामाची मुखत्यार अक्का. अक्का म्हणजे आजोबांची बहीण, आबांची फुई. सोनगीरला दिलेली. दर उन्हाळ्यात बिबडे करायला ती यायची, तिच्या हाताशिवाय बिबडे तडकतात असं आईचं ठाम मत होतं. अक्काला ऐकायला जरा कमी यायचं, पण चेहरे तिला पक्के वाचता यायचे. चिकाचे हात तसेच ठेवून ती म्हणाली, "काय व्हयनं? बापलेक काब्रं तोंड पाडीसन बठनात?"

आबांनी मोठ्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "आपला घरमा आठे जलमेल कोन्हीच नही अक्का. बठ्ठा पल्ल्याडना."

"आनि मी?" अक्का म्हणाली.

"तू?"

"मी आठेच जलमनू ना. श्रावण व्हता. नदीले असा पूर ऊना, आठ दिन उतरना नही. गाडी काय, मानूस बी पल्ल्याड जाऊ शकना नही. माय आठेच अडकनी. ह्या मजघरमा मना जलम व्हयना."

आई चिकाची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. आबा उठले, पुन्हा बसले. "मंग इतला दिन सांगं काब्रं नही?"

"माले कोन्ही इचारं का?" अक्का म्हणाली आणि उरलेला चीक थापायला वाकली.

आणि खरंच कोणी विचारलं नव्हतं. इतके दिवस आम्ही आजोबांना शोधत होतो, त्यांच्या भावांना शोधत होतो, आणि याच घरात जन्मलेली लेक आमच्या खाटेवर बिबडे वाळवत होती. लग्न होऊन गेलेली बहीण घराण्याच्या कागदात कशाला येईल, असं आम्ही कोणी बोललो नव्हतो, पण धरून तसंच चाललो होतो. मीसुद्धा. शिकून नर्स व्हायला निघालेली मीसुद्धा. याची मला आजही लाज वाटते.

पुढचा प्रश्न साल कोणतं. अक्काला साल माहीत नव्हतं. पूर आला ते साल, एवढंच. "तुना आजला मनाथून तीन वरीसना मोठा," ती म्हणाली. आजोबांच्या उताऱ्यावर जन्मतारीख होती. ती घेऊन आम्ही नानांकडे गेलो. नानांनी ती बघितली आणि हसले. "एक जून. ही मास्तरांची तारीख. त्या वेळी निम्मा खानदेश एक जूनला जन्मायचा. हिच्यावर विसंबू नका." मग त्यांनी थोडा विचार केला आणि जे केलं ते मला अजून आठवतं. त्यांनी जन्माच्या नोंदी उघडल्याच नाहीत. मृत्यूच्या उघडल्या.

"पूर मोठा असेल तर एखाद-दोन माणसं गेलीच असतील," नाना म्हणाले. "पूर कोणत्या सालचा ते त्यावरून कळेल. मग त्या सालचे जन्म बघू."

अक्षरं मोडी. मला त्यातलं एक कळत नव्हतं. नानांचं बोट ओळीवरून सरकत होतं, पान उलटताना ते बोटाला थुंकी लावत नव्हते, पाण्यात भिजवलेल्या कापसाचा बोळा लावत होते. ताप, ताप, देवी, बाळंतपण, म्हातारपण. प्रत्येक ओळीत एक माणूस, आणि नाना ते अगदी हळू वाचत होते, कोणाची झोप मोडू नये असं. एक वर्ष झालं. दुसरं झालं. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली. तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात बोट थांबलं. एक बाई आणि तिच्यानंतर दोन ओळींवर एक गडी. कारणाच्या रकान्यात एकच, नदीत वाहून.

नानांनी दप्तर उलटं फिरवून जन्माची बाजू काढली. त्याच महिन्यात शेवाळखेड्याचे तीन जन्म होते. तिसरा वाचताना त्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. मुलगी. बापाचं नाव, माझ्या पणजोबांचं, त्यांच्या बापाच्या नावासकट. जात. गाव. आणि तारीख, ती बाई वाहून गेली त्यानंतरच्या चौथ्या दिवसाची.

मला मोठ्यानं रडू आलं. आबा बाहेर गेले आणि रांजणातले तीन पेले पाणी उभ्यानं प्यायले. ते आत आले तेव्हा त्यांची धुतलेली टोपी हातात होती आणि तोंड ओलं होतं, पाण्यानं की कशानं ते मी विचारलं नाही. ज्या पुरानं दोन माणसं नेली त्याच पुरानं मला माझी जागा आणून दिली होती. त्या दोघांची नावं मी तेव्हा नानांकडून पुन्हा वाचून घेतली. ती मी कुठं सांगत नाही, पण विसरलेलेही नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. नानांनी मोडीचं लिप्यंतर करून दिलं, सही-शिक्क्याची नक्कल मिळाली, खिडकीतल्या मॅडमनी ती बघून नुसती मान हलवली आणि अर्ज प्रांतांकडे पाठवला. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी दाखला हातात आला. पातळ कागद, फिकट शिक्का. मी तो फाईलमध्ये घातला, फाईल पिशवीत घातली आणि पिशवी पोटाशी धरून बसमध्ये बसले. वाटेत कंडक्टरनं तिकीट मागितलं तर हात काढायला जीव होईना. प्रवेश झाला त्या दिवशी मी चार तास सलग झोपले, भर दुपारी, पंख्याशिवाय. इतकी गाढ झोप मला नंतर फार थोड्या वेळा लागली आहे.

नोंदीची एक झेरॉक्स मी अक्कासाठी आणली होती. संध्याकाळ होती, ती निघायच्या तयारीत होती, दुसऱ्या दिवशी सकाळची सोनगीरची बस. साडी-चोळी देऊन झाली होती, आईनं कुंकू लावलं होतं, बिबड्यांचा तिच्या वाटणीचा डबा पिशवीत भरला होता. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. आधी तिला तारीख सांगितली. ती स्वतःला जेवढी म्हातारी समजत होती त्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाली. तिनं दोन बोटं वर करून आईला दाखवली आणि खूश झाली.

"वाच," ती म्हणाली. "मनं नाव शे का?"

"नाही अक्का. बारशाच्या आधीची नोंद आहे. नुसतं मुलगी लिहिलंय."

मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती म्हणाली, "असू दे. गावनं नाव शे ना?"

"आहे. शेवाळखेडे."

"कोठे? बोट ठेव."

मी तिचं बोट धरून नानांनी दाखवून दिलेल्या शब्दावर ठेवलं. मोडीतला शब्द, तिलाही न वाचता येणारा आणि मलाही. तिनं ते बोट तिथंच ठेवलं.

"आखो वाच."

मी नानांच्या लिप्यंतरावरून पुन्हा वाचलं. मुलगी. बापाचं नाव. गाव शेवाळखेडे.

अक्का आबांकडे वळून म्हणाली, "भाऊ बठ्ठा पल्ल्याडना. ह्या गावनी मी एकलीच." आणि पुढं, "आते माले पाहुनी म्हनू नको."

साठ वर्षं ती या घरात पाहुणी म्हणून आली होती आणि पाहुणी म्हणून गेली होती, आणि आम्ही दर वर्षी किती आदरानं तिची ओटी भरून तिला बसमध्ये बसवून दिलं होतं. आबांनी तिच्या शेजारची भरलेली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

सकाळची बस तिनं जाऊ दिली. मी होस्टेलला गेले, पेरण्या झाल्या, निंदणी झाली. पोळ्याला घरी आले तेव्हा मजघरात अक्काची पिशवी रिकामी होऊन खुंटीला टांगलेली होती आणि तिच्या साड्या माझ्या कपाटात, माझ्या कप्प्यात, घड्या घालून ठेवलेल्या होत्या.